निवाऱ्यातून माणूस 'स्वेच्छेने गेला' म्हणजे नेमकं काय झालं? बेघर निवाऱ्यांतून काढून टाकणं आणि सोडून जाणं कसं टाळायचं

निवारा_मित्र (धागाकर्ता)

शहरी बेघर निवाऱ्याचं हजेरी रजिस्टर उघडा. शेवटच्या रकान्यात एकच शेरा पानापानावर दिसेल: 'स्वेच्छेने गेला'. पिऊन आला म्हणून रात्री गेटवरूनच परतवलेला माणूस त्यात असतो. लग्नसराईत केटररकडे वाढप्याचं काम करून पहाटे दोनला आला आणि दाराला कुलूप बघून स्टेशनवर झोपला, तोही असतो. चार दिवस सिव्हिलमध्ये ॲडमिट होता म्हणून नाव कापलेला असतो, मोबाइल चोरीला गेला नि कुणी विचारलंसुद्धा नाही म्हणून बोचकं उचलून गेलेला असतो. आणि खरोखर भाड्याची खोली मिळून गेलेलाही असतो. या सगळ्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, पण शेरा एकच. त्यामुळे महिनाअखेरीच्या अहवालात 'काढलेले: शून्य' असं लिहिता येतं आणि त्याच माणसांना दोन आठवड्यांनी पुलाखालून उचलून आणायला रात्रीचं सर्वेक्षण निघतं.

२०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर मोजले गेले. त्यातले २ लाखांहून जास्त महाराष्ट्रात, आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांवर. केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निवाऱ्यांसाठी ठरवलेलं मोजमाप म्हणजे दर १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा. ते पूर्ण करण्याची लढाई वेगळी आहे. हा धागा आत आलेला माणूस परत फुटपाथवर जाऊ नये यासाठी आहे.

सुरुवात रजिस्टरापासून करा. 'गेला' या एका रकान्याऐवजी कारणाचे आकडे ठेवायचे: १ खोली मिळाली, २ घरच्यांकडे गेला (फोन करून खात्री केली का, हो/नाही), ३ दवाखाना, ४ पोलीस किंवा भिक्षेकरी गृह, ५ कामाला किंवा गावी, परत येणार, ६ निवाऱ्याने काढलं, ७ न सांगता गेला पण कारण कळलं, ८ काहीच कळलं नाही. शेजारी आणखी एक रकाना: 'जाण्याआधीच्या १५ दिवसांत काय झालं'. भांडण, चोरी, आजारपण, कामाचा खाडा, घरून आलेला फोन, पगार. तीन महिने हा रकाना इमानाने भरला की माणसं कुठल्या फटीतून गळताहेत ते दिसायला लागतं. ६ हा आकडा लिहायला काळजीवाहक घाबरतात, कारण बोलणी बसतील असं वाटतं. व्यवस्थापकाने पहिल्याच बैठकीत सांगावं की ६ लिहिल्याबद्दल कुणाला विचारणार नाही, ८ जास्त झाले तर मात्र विचारणार.

---

रात्रपाळी

गेटच्या वेळेपासून सुरू करतो. बहुतेक ठिकाणी साडेनऊ-दहाला गेट बंद होतं. निवाऱ्यातले बरेच लोक केटरिंग, हमाली, वॉचमनकी, कचरावेचणी यांत असतात. लग्नाच्या तिथ्या असल्या की वाढपी, भांडी घासणारे पहाटेशिवाय मोकळे होत नाहीत. त्याला गेटने दोनदा बाहेर ठेवलं की तिसऱ्यांदा तो येतच नाही. आणि 'तीन रात्री गैरहजर तर नाव रद्द' हा नियम असला की चौथ्या दिवशी त्याची खाट दुसऱ्याला जाते. माणूस काम करतो म्हणून बेघर होतो, असा हा उलटा प्रकार आहे.

करायचं काय, तर गेटपाशी 'उशिरा येणार' अशी एक पाटी-यादी ठेवायची. सकाळी कामाला निघताना त्याने नाव सांगायचं, शेजारी साधारण वेळ. रात्रपाळीचा काळजीवाहक त्या यादीतल्यांना दार उघडतो, वाद नाही. त्यांच्या खाटा दाराजवळच्या, म्हणजे बाकीच्यांची झोप मोडत नाही. जेवण झाकून ठेवायचं असेल तर डब्यावर खाट क्रमांक. ज्याला सांगायला जमलं नाही त्याने मिस्ड कॉल द्यायचा, आणि तो नंबर निवाऱ्याचा हवा, काळजीवाहकाचा खासगी नको. माणूस नोकरी सोडून गेला की नंबरही जातो.

आणि सकाळी आठला सगळ्यांना बाहेर काढून झाडलोट करायची पद्धत बंद करा. अभियानाच्या नियमांत निवारा चोवीस तासांचा आहे. रात्रभर राबून आलेल्याला झोप लागते न लागते तोच उठवलं तर तो कुठेतरी झोपायला जाणारच. गेला की परतेल याची खात्री नाही.

---

साधना_प

पहिले दहा दिवस सगळ्यात निसटते असतात, आणि त्यात माणूस जातो तो फार साध्या गोष्टींवरून. चार गोष्टी लिहिते.

लॉकर. खाटेगणिक एक, पत्र्याचा, कडी असलेला. कुलूप रहिवाशाचं, दोन किल्ल्या, एक त्याच्याकडे आणि एक सीलबंद पाकिटात कार्यालयात. पाकीट उघडलं तर कधी, कुणासमोर, ते पाकिटावरच लिहायचं. ज्याची सगळी इस्टेट एका पिशवीत आहे तो पिशवी उशाखाली घेऊन जागाच राहतो, आणि चार रात्री झोप झाली नाही की फुटपाथवरची ओळखीची जागा बरी वाटायला लागते.

चार्जिंग. भांडणांचा उगम बहुतेक वेळा इथे असतो. ५० माणसांना भिंतीवरचे चार सॉकेट दिले की मारामारी ठरलेली. प्रत्येक खाटेच्या उशाशी एक पॉइंट द्या. वायरिंग जुनं असेल तर कार्यालयात कप्प्यांची चार्जिंग पेटी करा, कप्प्यावर खाट क्रमांक. खर्च थोडा आहे आणि फोनच्या चोरीवरून निघून जाणारी माणसं थांबतात.

ढेकूण. लाकडी खाटा काढा, लोखंडी आणा, भिंतीपासून वीतभर पुढे. एकदा फवारणी करून काम होत नाही. औषधाने अंडी मरत नाहीत, ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून १० ते १४ दिवसांनी दुसरी फवारणी हवीच. त्याच दिवशी चादरी, कपडे उकळत्या पाण्यात. फवारणी करणाऱ्याशी ठरवताना दोन्ही फेऱ्यांचं एकच बिल ठरवा, नाहीतर दुसरी फेरी होतच नाही.

चौथी गोष्ट कुणी बोलत नाही: अंथरूण ओलं होणं. म्हाताऱ्या माणसांना, मधुमेहींना, दारू पिणाऱ्यांना होतं. शेजारचे ओरडतात, माणूस शरमेने पहाटे उठून जातो आणि रजिस्टरात 'स्वेच्छेने'. गादीला रेक्झीनचं कव्हर, वर जादा चादर, खाट संडासाजवळ, वाटेत रात्रभर लागलेला दिवा, आणि पहाटे चादर बदलायची ती गाजावाजा न करता. दवाखान्यात साखर आणि लघवी तपासून घ्या. हे सगळं त्याने मागायची वाट बघू नये. प्रवेशाच्या दिवशी वयस्करांना खाट देतानाच तशी द्यावी.

---

पंचगंगा

वरचं सगळं पटतं. पण धाग्यात सगळा भार 'काढू नका' यावर चाललाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रात्री एकटा काळजीवाहक, समोर ५० माणसं, त्यातला एक ब्लेड काढून उभा. त्या वेळी 'आपण सकाळी बोलू' म्हणणं हा जिवाशी खेळ आहे. शिवाय एका दांडगटाला सांभाळताना पाच साधी माणसं मुकाट्याने निघून जातात. त्यांचीही नोंद कुठे होत नाही. दमदाटी करून पैसे उकळणारा किंवा आत माल विकणारा आठवडाभर राहिला तर निवारा त्याचाच होतो. काढायचंच नाही असं धोरण चालणार नाही.

---

वकिलीण_ठाणे

पंचगंगा, मुद्दा रास्त आहे. काढायचं की नाही यापेक्षा कुणी, केव्हा आणि कसं काढायचं हे लिहिलेलं नसतं, घोळ तिथे आहे.

आधी कायद्याची जागा. निवाऱ्यात राहणारा भाडेकरू नसतो, त्याला राहण्याची परवानगी असते. म्हणून त्याला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण नाही. पण परवानगी म्हणजे मर्जी नव्हे. १८८२ च्या इझमेंट्स ॲक्टचं कलम ६३ सांगतं की परवानगी रद्द झाली तरी माणसाला जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. रात्री अकराला पिशवी गेटबाहेर फेकणं यात बसत नाही. आणि मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. हटवता येणारच नाही असं त्या निकालाने म्हटलं नाही, पण नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हा सर्वसाधारण नियम आहे असं सांगितलं. जिथे फुटपाथवरून हटवताना ऐकून घ्यावं लागतं, तिथे पालिकेच्या पैशांवर चालणाऱ्या निवाऱ्यातून हटवताना ऐकून घ्यायचं नाही हे कसं चालेल?

आता रीत. दोन याद्या करायच्या. छोटी यादी गंभीर गोष्टींची: हत्याराने हल्ला, लैंगिक अत्याचार, आत नशेचा माल विकणं, आग लावणं. इथे ११२ ला फोन, आणि आधी बाकीच्यांना बाजूला न्यायचं, म्हणजे हल्लेखोराला एकटं पाडायचं. रात्रपाळीला कमीत कमी दोन माणसं हवीत, ही अट पालिका आणि निवारा चालवणारी संस्था यांच्या करारनाम्यातच घाला. एकट्या काळजीवाहकाकडून नियम पाळले जाण्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बाकी सगळं मोठ्या यादीत: पिऊन येणं, शिवीगाळ, गोंधळ, अस्वच्छता, नोंद न करता गैरहजेरी. यात बाहेर काढणं ही शेवटची पायरी.

पहिली पायरी: २४ तासांच्या आत बोलणं, तो शुद्धीत असताना, दोन माणसांनी, बाकीच्यांसमोर नाही. 'का केलंस' असं विचारलं की सबबी येतात. 'त्याच्या आधी काय झालं' हा प्रश्न जास्त कामाचा.
दुसरी: साध्या भाषेत लिहिलेला करार, एक पान, त्यात त्याने काय करायचं आणि निवाऱ्याने काय करायचं हे दोन्ही. फक्त त्याच्याच अटी असतील तर तो करार नाही, धमकी आहे.
तिसरी: बैठक. त्याने सांगितलेला एक माणूस सोबत, आणि निवारा न चालवणारा एक माणूस, म्हणजे पालिकेचा समाज विकास अधिकारी किंवा दुसऱ्या संस्थेचा कार्यकर्ता.
चौथी: दुसऱ्या निवाऱ्याशी अदलाबदल. तिकडचा खाट क्रमांक फोनवर ठरल्याशिवाय इथून पाऊल हलवायचं नाही. सोबत माणूस जातो, चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही.
पाचवी: काढणं. निर्णय रात्रपाळीने घ्यायचा नाही. सूर्यास्तानंतर नाही, मुसळधार पावसात नाही, शनिवार-रविवारला किंवा सणाला लागून नाही, कारण तेव्हा पुढची सगळी दारं बंद असतात.

पायऱ्या ओलांडून थेट पाचवीवर जायचं असेल तर त्याचं कारण लेखी. बस.

---

मनोसेविका

मोठ्या यादीतल्या 'पिऊन येणं' याबद्दल. 'पिऊन आलात तर प्रवेश नाही' ही पाटी जिथे आहे तिथे दोन गोष्टी होतात. एकतर माणूस बाहेर झोपतो, किंवा आत राहण्यासाठी एकदम सोडतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो: हात थरथरतात, घाम फुटतो, अंगावर किडे दिसतात, कुठे आहोत ते कळत नाही. रात्रपाळीला हा 'वेडाचार' किंवा 'गोंधळ' वाटतो आणि माणूस बाहेर जातो. ही १०८ बोलवायची वेळ असते. काळजीवाहकाच्या टेबलावर ही चार लक्षणं मोठ्या अक्षरात चिकटवा.

पिऊन आलेल्याला खालची खाट, कुशीवर झोपवणं, दर अर्ध्या तासाने श्वास बघणं. बाटली आत नाही हा नियम ठेवा. पोटात आहे म्हणून दार बंद, हा नियम काढा. गर्द (ब्राउन शुगर) घेणाऱ्यांबाबत एक जास्तीचा धोका: महिनाभर बंद असलेला माणूस पुन्हा जुन्याच प्रमाणात घेतो, शरीराची सवय मोडलेली असते, आणि तिथेच श्वास थांबतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतलेल्याकडे पहिले पंधरा दिवस जास्त लक्ष हवं.

मानसिक आजार. कुणी तीन रात्री झोपत नाही, जेवण तपासून खातो, खाट बदलून मागतो, शेजाऱ्यावर संशय घेतो. बहुतेकदा गोळ्या बंद झालेल्या असतात. का बंद झाल्या? ओपीडी सकाळची आणि नाक्यावर कामही सकाळीच मिळतं, म्हणून. गोळ्यांनी दिवसभर झोप येते आणि मुकादम हाकलतो, म्हणून. डॉक्टरांशी बोलून मात्रा रात्री घेता येईल का, महिन्याची औषधं एकदम मिळतील का, हे विचारायला निवाऱ्याचा माणूस सोबत जावा लागतो. रात्री-बेरात्री सल्ला हवा तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं. घर नाही, घरचे नेत नाहीत, एवढ्या कारणासाठी कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. उलट बाजूही खरी: रुग्णालयातून 'बरा झाला' म्हणून थेट ५० खाटांच्या गलक्यात आणून सोडला तर तो टिकत नाही. चेन्नईच्या द बनियन संस्थेने यासाठी चार-पाच जणांचं साध्या वस्तीतलं भाड्याचं घर आणि सोबत मदतनीस, अशी 'होम अगेन' पद्धत बसवली. ती महाराष्ट्रातही आली आहे. मोठ्या निवाऱ्यात टिकत नसलेल्यांसाठी पालिकांनी अशी घरं मागायला हवीत. चौथ्या पायरीची खरी जागा ती आहे.

टीबीबद्दल एवढंच: टीबी निघाला म्हणून काढू नका. औषधं सहा महिन्यांची असतात आणि रस्त्यावर ती सुटतात. खिडकीजवळची खाट, मास्क, सुरुवातीचे काही आठवडे वेगळी खोली मिळाली तर उत्तम. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदीत, नाव घातलं की महिन्याला १००० रुपये पोषणासाठी मिळतात, पण त्याला बँक खातं लागतं.

---

लीड्सकर

इंग्लंडमधल्या सपोर्टेड हाउसिंगमध्ये (मदतनीसांसह असलेली निवासाची सोय) अनेक मराठी मंडळी काम करतात, म्हणून इकडची पद्धत लिहितो. सगळी तिकडे लागू नाही, पण काही उचलण्यासारखं आहे.

इथे माणूस बाहेर पडण्याचं मोठं कारण पैशाची थकबाकी. भाड्याचा मोठा भाग हाउसिंग बेनिफिटमधून (भाड्यासाठीचा सरकारी भत्ता) येतो, पण जेवण, खोलीतली वीज, पाणी यांचा आकार रहिवाशाने स्वतः भरायचा. समजा तो आठवड्याला १८ पौंड आहे. युनिव्हर्सल क्रेडिटचा (खर्चासाठीचा महिन्याचा सरकारी भत्ता) पहिला हप्ता यायला ५ आठवडे लागतात, म्हणजे हातात पैसा यायच्या आत ९० पौंड थकलेले. शिवाय आकार आठवड्याचा आणि भत्ता महिन्याचा. लोक १८ ला चाराने गुणून ७२ भरतात, खरा महिन्याचा आकडा ७८ आहे (१८ गुणिले ५२ भागिले १२). दर महिन्याला ६ पौंडांचा खड्डा पडतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून चांगल्या ठिकाणी प्रवेशाच्याच दिवशी या भत्त्यांचे अर्ज भरतात. राहून गेला तर कामाच्या वयातल्या माणसाला मागचा जास्तीत जास्त एक महिनाच मिळतो. भत्ता जमा होतो त्याच तारखेला ७८ पौंड आपोआप वळते करायची सोय लावतात, आणि दोन आठवडे थकले की लगेच बोलतात. दोनशे पौंड थकल्यावर पत्र पाठवलं तर माणूस पत्र न उघडताच निघून जातो.

कायद्याने बऱ्याच वसतिगृहांतला माणूस 'एक्स्क्लूडेड' परवान्यावर असतो, म्हणजे काढायला न्यायालयाचा आदेश लागत नाही, वाजवी मुदतीची नोटीस पुरते. त्यामुळेच आतला संयम महत्त्वाचा. थकबाकीवरून काढलेल्याला काउन्सिल (तिथली पालिका) 'स्वतःहून बेघर झालेला' ठरवू शकते आणि मग कायमच्या घराचा मार्ग अडतो. २०१७ च्या कायद्याने ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असलेल्याला काउन्सिलने मदत करायची आहे. नोटीस काढायचा विचार सुरू झाला की त्याच दिवशी काउन्सिलला कळवायचं, नोटीस संपण्याची वाट बघायची नाही.

गैरहजेरीचा नियम तुमच्या 'तीन रात्री'शी ताडून बघा. माणूस परतणार असेल आणि खोली दुसऱ्याला दिली नसेल तर हाउसिंग बेनिफिट साधारणपणे १३ आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतो, रुग्णालयात असेल तर ५२ आठवड्यांपर्यंत. पण कार्यालयाला वेळेत कळवावं लागतं. न कळवता 'सोडून गेला' नोंदवलं की पैसे थांबतात, खोली जाते, आणि तीन आठवड्यांनी रुग्णालयातून सुटलेला माणूस दाराशी उभा असतो.

---

रात्रपाळी

लीड्सकर, १३ आठवडे ऐकून हेवा वाटला. पण इकडे दाराबाहेर माणसं उभी असतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. चार दिवस रिकामी खाट ठेवून बाहेरच्याला नाही म्हणायचं कसं?

---

निवारा_मित्र

खाट आणि हक्क वेगळे करा. समजा खाट ब-१४ चा माणूस आला नाही तर ब-१४ वर त्या रात्रीपुरता दुसरा झोपू शकतो. त्याला 'तात्पुरता' अशी वेगळी चिठ्ठी, रोज संध्याकाळी नवी. पण ब-१४ च्या लॉकरला हात लावायचा नाही आणि रजिस्टरातलं नाव कापायचं नाही. मूळ माणूस रात्री एकला परतला तर त्यालाच खाट, तात्पुरत्याला जमिनीवरची गादी. त्यासाठी ५० खाटांमागे तीन-चार गुंडाळायच्या गाद्या कायम बाजूला ठेवा. तात्पुरत्याला हे आधीच सांगितलेलं असलं की तो भांडत नाही. भांडण होतं ते मध्यरात्री अचानक उठवल्यामुळे.

नाव किमान ७ रात्री, सामान ३० दिवस. सामान हलवावं लागलंच तर दोन माणसांसमोर यादी, पोतं शिवून त्यावर क्रमांक. कागदपत्रं त्यातून काढून कार्यालयाच्या कपाटात, ती ३० दिवसांनंतरही टाकायची नाहीत. आधार, पासबुक, दवाखान्याचे केसपेपर परत मिळवायला त्या माणसाचे महिने जातात.

आता शोध. पहिल्या रात्री फक्त फोन आणि उशिराची यादी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवाल्याला, नाक्यावर, मुकादमाला विचारणं. तिसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग. नावाने सापडला नाही तर 'अनोळखी पुरुष' नोंदी बघा, रस्त्यावर पडलेला माणूस तिथे असतो. मग जवळची पोलीस ठाणी. आणि हे बहुतेक जण विसरतात: भिक्षेकरी गृह. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून चालू आहे, मंदिराबाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला उचलून चेंबूरला नेलं तर तो निवाऱ्याला फोन करू शकत नाही. निवाऱ्याचं ओळखपत्र खिशात असेल तर निदान निवाऱ्याचं नाव सांगता येतं. सातव्या दिवशी हरवल्याची तक्रार. वृद्ध, मनोरुग्ण किंवा बाई असेल तर सातव्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री.

---

साधना_प

शोधाबद्दल एक सावधगिरी. प्रवेशाच्या दिवशीच विचारून लिहून घ्या: 'तुम्ही सापडला नाहीत तर कुणाला विचारू, आणि कुणाला मुळीच सांगू नको?' दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा. नवऱ्याच्या मारातून पळालेल्या बाईला शोधायला त्याच नवऱ्याला फोन लावला तर तिचा जीव धोक्यात. कुणी फोन करून 'अमका तिथे आहे का' विचारलं तर उत्तर एकच: आम्ही कुणाचं नाव सांगत नाही, तुमचा नंबर द्या, असला तर निरोप देऊ.

सुट्टीची नोंदही हवी. आळंदी-देहूहून आषाढी वारीला चालत गेलेला माणूस तीन आठवड्यांच्या आत परतत नाही. कुणी पेरणीला गावी जातो, कुणी जत्रेला. सांगून गेला तर ३० दिवसांपर्यंत नाव कायम. रजा मिळते हे लोकांना माहीत झालं की ते न सांगता जायचे थांबतात. गणपती-दिवाळीच्या आठवड्यात कुणाला घरून फोन आला, कुणाला नाही आला, यावर जरा नजर ठेवा. त्या दिवसांत माणसं बोलता बोलता उठून जातात.

बायकांच्या निवाऱ्यात वेगळंच कारण असतं. मुलगा ठरावीक वयाचा झाला की त्याला पुरुषांकडे हलवा असा नियम. आई त्याला एकटं सोडत नाही, दोघंही फुटपाथवर. कौटुंबिक निवारा जवळ नसेल तर पार्टिशन टाकून एक-दोन कोपरे कुटुंबांसाठी राखा, आणि मुलगा वयाला पोचायच्या सहा महिने आधीपासून कुटुंबासाठी जागा बघायला लागा. वाढदिवसाची तारीख रजिस्टरात आहेच ना.

---

गोदाकाठ

माणूस टिकतो तो पुढे काहीतरी दिसतंय म्हणून, हे यात यायला हवं. पहिल्या आठवड्यात एक कागद सुरू करून द्या. आधार नसेल तर मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. त्यावर फोटो आणि फोटोवर सही-शिक्का पाहिजे, आणि ते ताजं पाहिजे, कारण जुन्या तारखेचं परत पाठवतात. मतदार नोंदणीला पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतं, पण बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा बूथ अधिकारी) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो. त्या काळात रात्रपाळीने 'असा कुणी नाही' म्हणून परतवू नये, त्याला आधी सांगून ठेवा. संजय गांधी निराधारसाठी १५ वर्षांच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा दाखला अडतो. तलाठ्याकडे एकट्याला पाठवलं तर रिकाम्या हाताने परततो, सोबत जा. एकच अर्ज मार्गी लागला तरी माणूस निकाल येईपर्यंत पत्ता सोडत नाही.

---

पंचगंगा

वकिलीणबाई, पाचव्या पायरीच्या पत्राचा नमुना द्याल का? आमच्या भागात 'उद्यापासून येऊ नये, हुकुमावरून' एवढंच लिहिलेलं असतं.

---

वकिलीण_ठाणे

हा घ्या. यात बदल करा, पण कुठलीही ओळ गाळू नका.

'श्री. / श्रीमती …, खाट क्र. …
दिनांक … रोजी … वाजता असे घडले: (काय घडलं तेवढंच लिहा, 'नेहमीचा त्रास' असे शब्द नकोत).
याआधी आम्ही आपल्याशी या तारखांना बोललो: …. निवाऱ्याने ही मदत केली: ….
आपलं म्हणणं आम्ही असं ऐकलं: ….
आपली येथील राहण्याची सोय दिनांक … रोजी सकाळी ११ वाजता संपते. (आजपासून किमान ७ दिवस.)
आपल्यासाठी … निवाऱ्यात खाट क्र. … ठेवली आहे. … आपल्यासोबत येतील.
आपलं सामान … तारखेपर्यंत येथे सुरक्षित राहील. कागदपत्रं केव्हाही मिळतील.
हा निर्णय मान्य नसेल तर … यांच्याकडे ५ दिवसांत सांगा, तोंडी सांगितलं तरी चालेल. त्यांचा निर्णय येईपर्यंत आपली खाट कायम आहे. मोफत वकील हवा असल्यास १५१००.
दिनांक … नंतर आपण पुन्हा प्रवेश मागू शकता.'

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. तारीख नसलेली बंदी म्हणजे आयुष्यभराची बंदी, आणि काळजीवाहक बदलले की ती का घातली हेही कुणाला माहीत नसतं. सहा महिन्यांच्या पुढची तारीख घालू नका. बंदीची यादी दर तीन महिन्यांनी बैठकीत वाचा आणि मुदत संपलेली नावं त्याच दिवशी खोडा.

---

रात्रपाळी

निवाऱ्यात बरेच लोक उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणाचे असतात, कित्येकांना वाचता येत नाही. अंगठा घेऊन पत्र हातात दिलं की झालं, असं होऊ नये.

---

वकिलीण_ठाणे

बरोबर. पत्राखाली दोन ओळी वाढवा: 'हे पत्र … भाषेत … यांनी वाचून दाखवलं' आणि 'ऐकून त्यांनी स्वतःच्या शब्दांत असं सांगितलं: …'. दुसरी ओळ भरता आली नाही तर पत्र पोचलं असं धरायचं नाही, आणि ७ दिवसांची मुदतही सुरू होत नाही. वाचून दाखवणारा त्या भांडणातला नसावा. तेलुगू बोलणारा निवाऱ्यात कुणी नसेल तर फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या निवाऱ्यातल्या माणसाकडून वाचून घ्या, त्याचं नाव आणि वेळ लिहा. प्रत तीन: एक त्याला, एक फाइलला, एक पालिकेच्या अभियान कक्षाला त्याच दिवशी.